चार अर्धवट कॅनव्हास आणि दर रविवारची पोस्ट

नमस्कार. तुमची लेक बारावी सायन्सला आहे, जुन्या पद्धतीने ऑइल पेंटिंग करते, डच चित्रकार रेम्ब्रांट आणि राजा रविवर्मा म्हणजे तिचे देव, आणि तुमचा प्रश्न असा की "तिची स्वतःची स्टाईलच नाही, सगळं बघून बघून काढते, मग फाइन आर्टला घालू की सरळ ॲनिमेशनला?" ॲडमिशनचं सांगतेच, पण मला पत्रातली वेगळीच गोष्ट खटकली. दर रविवारी एक पूर्ण पेंटिंग इन्स्टावर गेलंच पाहिजे असा नियम तुम्ही केलाय, आणि ती चार-चार कॅनव्हास अर्धवट सोडून भिंतीकडे तोंड करून ठेवते म्हणून तिला आळशी म्हणता. अहो, नियमच चुकीचा आहे, पोरीचं काही चुकत नाहीये.

ऑइल कलर पाणी उडून सुकतो तसा सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. अंबर या तपकिरी रंगाचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला सुका लागतो, जाड पांढऱ्याला आठवडे जातात, आणि वॉर्निश तर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून मारतात. खालचा थर कच्चा असताना घाईने वर लवकर सुकणारा रंग चढवला की पुढे तडे जातात. मग मधल्या दिवसांत तिने काय करायचं? दुसरा कॅनव्हास घ्यायचा, तेच ती करतेय. टिशियन या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराबद्दल जुन्या नोंदींत आहे की तो सुरू केलेली चित्रं भिंतीकडे वळवून ठेवायचा, कधी कधी कित्येक महिने, आणि मग परत काढून शत्रूकडे बघावं तसा त्यातल्या चुका शोधायचा.

आता स्टाईल. आधी स्टाईल ठरवायची आणि मग चित्र काढायचं, हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांना असतो. रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराने पन्नाशी ओलांडली होती, युरोपभर नाव झालं होतं, तरी १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेल्यावर तो टिशियनच्या चित्रांच्या कॉपी करत बसला. त्यातल्या ॲडम आणि ईव्हच्या चित्रात त्याने ॲडमची पोझ बदलली आणि झाडावर एक पोपट बसवला. कॉपी करता करता जे बदलावंसं वाटलं तेच रुबेन्सचं स्वतःचं. आणि तुमच्या लेकीचा रविवर्मा, तोही थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना बघून बघूनच ऑइल शिकला. तुम्ही पाठवलेला पितळेच्या घंगाळाचा फोटो मी मोठा करून पाहिला, सावलीत रंग इतका पातळ आहे की कॅनव्हासची वीण दिसते आणि काठावरच्या चमकेला मात्र जाड, उठावाचा एकच फटकारा. हे रेम्ब्रांटकडून आलंय हे खरं, पण घंगाळ कुठे धूसर सोडायचं हे तिचं तिने ठरवलंय. स्टाईल अशीच येते, तिला वर्षं लागतात.

बीएफए, म्हणजे फाइन आर्टच्या डिग्रीसाठी, बारावी आणि राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन असतं, तिला जमेल. ॲनिमेशनला सेफ म्हणून घालू नका, ते वेगळं आणि तितकंच मेहनतीचं काम आहे, मन नसेल तर तिथेही कोणी टिकत नाही. पैशाचं स्पष्ट सांगते, नुसत्या ऑइलवर पहिली काही वर्षं भागेल असं धरू नका, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी आणि शिकवणं जोडीला लागेल. पण आर्ट कॉन्झर्वेशन, म्हणजे जुनी चित्रं जपायचं आणि दुरुस्त करायचं काम, याची चौकशी नक्की करा, कारण तिथे केमिस्ट्री लागते आणि ती तिच्याकडे आहे, शिवाय रंगाचे थर कसे चढतात हे तिच्या हाताला आत्ताच कळतंय.

तोवर रविवारचा नियम आजच बंद करा आणि अकाउंट तिच्या ताब्यात द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, कारण तिला काय करायचंय याबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळसुद्धा नाही.