आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलंय. प्रतिकारशक्ती दाबणारी ही गोळी घ्यावी का?

तुमच्या प्रश्नात दोन माणसं आहेत. आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी (यात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते) मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय आणि ते ‘कॅन्सरचं औषध’ आहे असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी स्ट्रिप उघडलेलीच नाही. दुसरे मामा. त्यांची किडनी बदललेली आहे, त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून ते आईला अनुभवाचे बोल सांगतायत. मी फार्मासिस्ट आहे, या गोळ्या रोज माझ्या हातून जातात. माझं मत सरळ आहे: आईने गोळी घ्यावी, मामांचे सल्ले घेऊ नयेत.

कॅन्सरची गोष्ट खोटी नाही. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने १९४० च्या दशकात हे औषध तयार केलं आणि ते आधी रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरलं गेलं. संधिवातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. पण फरक मात्रेचा आहे. काही कॅन्सरमध्ये हे ग्रॅमच्या हिशोबात देतात. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. आज या आजारात बहुतेक डॉक्टर पहिल्यांदा हेच लिहितात.

भीती बाळगायचीच असेल तर ती ‘आठवड्याला’ या शब्दाची बाळगा. आपल्याकडे चिठ्ठी म्हटली की डोळ्यांना १-०-१ ची सवय. त्यात ‘आठवड्यातून एकदा’ वाचायचं राहून जातं आणि गोळी रोज पोटात जाते. अशी रोज घेतल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. आईच्या स्ट्रिपवर पेनाने वार लिहा. आमच्याकडची बायामाणसं आठवडी बाजाराचा दिवस धरतात, तो चुकत नाही.

दुसरा घोळ गोळीच्या ताकदीचा. समजा डॉक्टरांनी १५ मिलिग्रॅम सांगितलंय आणि आई २.५ च्या सहा गोळ्या घेतायत. पुढच्या महिन्यात २.५ ची स्ट्रिप मिळाली नाही, कुणी १० ची हातावर ठेवली. सवयीने त्यातल्याही सहा घेतल्या तर झाले ६० मिलिग्रॅम. म्हणून प्रत्येक वेळी स्ट्रिपवरचा आकडा वाचायचा, आणि कात्रीने कापलेला, नाव-आकडा उडालेला तुकडा घ्यायचाच नाही. सोबत फॉलिक ॲसिड दिलं असेल. तीही गोळी बऱ्याचदा पिवळी, मेथोट्रेक्सेटही बऱ्याचदा पिवळी. दोन्ही एका डबीत ठेवू नका.

एखाद्या आठवड्याची गोळी राहिली तर दोन दिवसांच्या आत आठवल्यास घेता येते. त्यापुढे गेलं तर सोडून द्यायची. दुप्पट कधीच नाही. तोंड आलं, घसा दुखून ताप आला, अंगावर विनाकारण निळे डाग पडले किंवा जुलाब थांबेनात, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करायची. चालताना दम लागून कोरडा खोकला सुरू झाला तरी हेच.

आता मामा. तुमच्या घरात गोंधळ होतोय तो इथे. आईला ताप आला, अँटिबायोटिक लागलं, तर डॉक्टर बऱ्याचदा एखादा डोस थांबवायला सांगतात. मामांनी मात्र टॅक्रोलिमस, म्हणजे बदललेली किडनी टिकवणारी गोळी, स्वतःहून एक वेळही चुकवायचं नाही, ताप असो, लग्न असो, प्रवास असो. आईची गोळी चुकली तर सांधे कुरकुरतील. मामांची चुकत गेली तर शरीर ती किडनी परकी म्हणून नाकारू शकतं. त्यामुळे ‘मी तर कधीच बंद करत नाही’ हा मामांचा सल्ला त्यांच्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे. आईसाठी नाही.

मामांनाही एक सांगा. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. पपनस आणि चकोतरा (ग्रेपफ्रूट) बंद, त्या फळांनी औषध रक्तात वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उलट उतरतं.

आईच्या बाबतीत माझा राग को-ट्रायमोक्सॅझोल या अँटिबायोटिकवर, म्हणजे सेप्ट्रानवर. लघवीला जळजळ म्हणून लोक येऊन नावानिशी मागतात. मेथोट्रेक्सेटसोबत ती रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली आणू शकते. दुखण्यावरच्या गोळ्याही मनाने नकोत, विशेषतः क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर. आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ गुळवेलीचा काढा? मुद्दाम दाबलेली शक्ती काढ्याने वाढवायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणं प्रसिद्ध केली, ती वादात सापडली हे खरं, पण मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. दारूचं तेच.

तपासण्या टाळू नका: सीबीसी, एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन, सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी. फ्लू आणि न्यूमोनियाची लस चालते, जिवंत जंतूंची लस विचारल्याशिवाय नाही. हे वाचणारी कुणी मूल होऊ देण्याच्या विचारात असेल तर मेथोट्रेक्सेट काही महिने आधीच बंद करावं लागतं, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला.

शेवटी तुम्ही विचारलंय की गुण कधी येईल. सहा ते बारा आठवडे धरा. तोवर दुखणं आटोक्यात राहावं म्हणून थोडं प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) दिलं असेल. बरं वाटलं म्हणून ते एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं.