ज्या मशीनवर खेळत नाहीस, तिथे विकू नकोस

अनेक आशीर्वाद.

अगं, एका गिऱ्हाइकाचं एवढं मनाला लावून घेतलंस तर पुढे कसं व्हायचं? तुम्हा दोघांचा एसटीचा कॉम्प्युटर गेम विंडोजवर आहे, तो लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही हवा म्हणून ‘लिनक्सचं बटण दाबायला काय जातं?’ असं त्यानं खडसावलं, आणि तू मला विचारतेस, ‘काका, दोन-तीन टक्क्यांसाठी कशाला मरायचं असं सगळे म्हणतात, ते बरोबर आहे का?’

बटण दाबायला काहीच जात नाही, हे खरंय. तू वापरतेस त्या गोडो या गेम बनवायच्या इंजिनात, एक्स्पोर्टच्या खिडकीत विंडोजबरोबर लिनक्सही आहे. टक्क्यांचा हिशेबही खोटा नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत लिनक्स वर्षानुवर्षं एक-दोन टक्क्यांत रेंगाळलं, 2025 मध्ये कुठे तीनच्या घरात आलं. पण तुझा निर्णय या दोन्हींवर ठरत नाही. ज्या मशीनवर तुम्ही दोघं स्वतः रोज खेळत नाही, त्या मशीनसाठी लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

तू पाठवलेला लिनक्स बिल्ड, म्हणजे लिनक्ससाठी काढलेली आवृत्ती, मी माझ्या उबुंटू लिनक्सवर चालवून पाहिली. एसटी सुरू झाली, घाट लागला, पाऊस तर झकासच जमलाय. मग भाषा मराठी केली आणि सगळे संवाद कोरे! कंडक्टर तोंड हलवतोय आणि खाली नुसती रिकामी चौकट. कारण सापडायला वेळ लागला नाही. लोकांना आपापल्या बोलीत भाषांतर करता यावं म्हणून तू भाषेच्या फाइली खेळाच्या मुख्य गठ्ठ्याबाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यास. कल्पना छान आहे. पण फोल्डरचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि तुझ्या कोडमध्ये तेच स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर. दुरुस्ती एका अक्षराची. पण तुझ्या लॅपटॉपवर हे जन्मात दिसलं नसतं, आणि पैसे मोजलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

आता आकडे. ‘प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन’ या खेळावर काम केलेल्या एका प्रोग्रामरनं जाहीर सांगितलं होतं की विक्रीत लिनक्सचा वाटा 0.1 टक्क्याहूनही कमी, आणि क्रॅश रिपोर्ट व तक्रारींत 20 टक्क्यांहून जास्त. बहुतेक भानगडी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. हे वाचून लोक लिनक्सच्या नावानं आंघोळ करून मोकळे होतात. उलट 2021 मध्ये ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या खेळाच्या निर्मात्यानं आपला हिशेब मांडला. सुमारे 12,000 प्रती विकल्या, त्यात 700 च्या आसपास लिनक्सवाले. हजारभर बग रिपोर्ट आले, त्यातले 400 या मूठभरांचे. आणि त्या 400 पैकी फक्त 3 बग निव्वळ लिनक्सचे! बाकीचे सगळ्यांनाच छळत होते, नीट लिहून कळवायची तसदी मात्र या मंडळींनी घेतली. फुकटात मिळालेले टेस्टर म्हण.

मग खरं कोणाचं? दोघांचंही. पहिला खेळ स्वतःचं इंजिन घेऊन ग्राफिक्स कार्डाला घाम फोडणारा. दुसरा गोडोवरचा, तुझ्यासारखाच. म्हणजे तुझं पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. पण तो माणूस ते रिपोर्ट वाचत बसला होता, हे विसरू नकोस. तू बसशील?

मोठ्या कंपन्या पाय मागे घेतात त्याचं कारण इथे आहे. मांडव घालायला सगळं गाव येतं, बांबू उपटायला कोणी नसतं. ‘रॉकेट लीग’ हा खेळ 2016 मध्ये मॅक आणि लिनक्सवर आला. 2020 च्या मार्चमध्ये तिथला ऑनलाइन खेळ बंद. कंपनीला डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेची 9 वी आवृत्ती सोडून 11 वर जायचं होतं, आणि या दोन्ही प्लॅटफॉर्मचे मिळून 0.3 टक्क्याहून कमी खेळाडू उरले होते. पैसे परत दिले म्हणे. दिले, चांगलं केलं. पण लोकांनी पैसे परत मिळावेत म्हणून खेळ घेतला नव्हता! सांभाळायचं नव्हतं तर विकलं कशाला?

मॅकचं तर विचारूच नकोस. 2018 मध्ये अ‍ॅपलनं ओपनजीएल ही खेळाचं चित्र रंगवणारी यंत्रणा कालबाह्य ठरवली, 2019 च्या कॅटालिना या मॅकच्या नव्या सिस्टिममध्ये जुने 32-बिट खेळ एका फटक्यात बंद पडले, 2020 पासून प्रोसेसरच बदलला. दरवेळी जुना खेळ पुन्हा उघडून बसायचं, आणि वर डेव्हलपर म्हणून वर्षाला 99 डॉलर भरायचे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हसारख्या कंपनीनंही 2023 मध्ये आपला ‘काउंटर-स्ट्राइक 2’ हा खेळ मॅकवर आणला नाही. तुमच्या दोघांत मिळून एकही मॅक नाही. विषय संपला.

ऑनलाइन खेळातली लबाडी पकडणाऱ्या अँटी-चीट सॉफ्टवेअरची भांडणं तुझ्या कामाची नाहीत. तुझ्या एसटीत कोण चीटिंग करणार?

मी लिनक्सच्या विरोधात आहे असं त्या गिऱ्हाइकासारखं तूही समजू नकोस. मासिकाबरोबर सीडी मिळायची तेव्हापासून माझ्या घरात तेच आहे. म्हणूनच सांगतो. एका कंपनीत पोर्टचं, म्हणजे खेळ दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याचं, काम माझ्याकडे होतं. दोन पोरांनी रात्री जागून लिनक्सची आवृत्ती उभी केली, चालतही होती. मी ती बाहेर जाऊ दिली नाही, कारण रिलीजनंतर त्या दोघांना दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवायचं आधीच ठरलं होतं आणि मागे बघणारं कोणी उरणार नव्हतं. त्यातला एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. ते मला लागतं, लग्नकार्यात समोर आला की जास्तच लागतं. पण आज तोच प्रसंग आला तर मी तेच करीन. लोक मला भित्रा म्हणाले. म्हणोत. अनाथ खेळ विकण्यापेक्षा तेवढं ऐकून घेतलेलं परवडलं. असो, माझंच पुराण सुरू झालं.

एक गोष्ट मात्र त्या काळी नव्हती. लोकी सॉफ्टवेअर नावाची 1998 मध्ये निघालेली कंपनी गाजलेले खेळ लिनक्सवर आणून विकायची. विंडोजचं खोकं आधी बाजारात यायचं, लिनक्सवाल्याच्या मशीनवर बहुधा विंडोजही असायचंच, त्यामुळे त्यानं खेळ आधीच घेतलेला असे. 2002 च्या सुरुवातीला कंपनी बंद पडली. आजही लिनक्सवाला विंडोजचाच खेळ घेतो, पण वेगळ्या वाटेनं. 2018 मध्ये व्हॉल्व्हनं विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, 2022 मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं हातात धरायचं खेळाचं यंत्र आलं, आणि तुझा विंडोजचाच बिल्ड लिनक्सवर चालतो. तुझा मी प्रोटॉनवरही लावून पाहिला. संवाद दिसले, कंडक्टर बोलला. म्हणजे लिनक्सवाल्याचे पैसे तुला तसेही मिळणार. वेगळा बिल्ड केलास म्हणून विक्रीत फार भर पडणार नाही, कामात पडेल.

तेव्हा असं कर. तुझ्या पार्टनरचा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय ना? त्यावर लिनक्स टाक आणि रोजचं काम त्यालाच तिथे करू दे. पार्टनर टिकला तर लिनक्सचा बिल्ड विकायला काढ, माझी ना नाही. कुरकुरायला लागला तर प्रोटॉनवर भागव आणि पानावर स्पष्ट लिही की आम्ही प्रोटॉनवर तपासतो. त्या गिऱ्हाइकालाही हेच कळव, माफीबिफी मागत बसू नकोस.

आणि तुझ्या स्टोअरच्या पानावर खाली बारीक अक्षरांत ‘मॅकवर लवकरच’ असं लिहिलंय, ते काल माझ्या नजरेला पडलं. ते आज रात्रीच काढ, मग मला फोन कर.

तुझा,
काका