सव्वा मुठीचा प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा १५ वर्षांचा, स्वमग्न. दोन वर्षांचा असताना दत्तक घेतला, हे त्याला माहीत आहे. यंदा श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी (नैवेद्याच्या पोळ्यांसाठी) घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढताना नात्यातलं कुणीतरी म्हणालं, "हाऊ आपला कुळना नही" (हा आपल्या कुळाचा नाही). तेव्हापासून दिवसभर एकच विचारतो, "मी कोणाचा?" – एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, "देवानं दिलास" असं सांगू नका. तो शब्दाला शब्द धरतो. मग देवाचं घर शोधत बसेल. सरळ सांगा : "तुला जन्म दिला ती दुसरी बाई. तू दोन वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुझी आई. हे बदलणार नाही." वडील, आजी, सगळ्यांची हीच वाक्यं हवीत. घरात अहिराणी असेल तर अहिराणीत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं की तो पुन्हा विचारतो, कारण खरं कोणतं हे त्याला ठरवायचं असतं. वाक्यं पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर लिहून त्याच्या खिशात द्या. विचारलं की न रागावता कार्ड दाखवा. नव्या प्रश्नांसाठी रोज ठरलेल्या वेळी १५ मिनिटं ठेवा.

सोबत त्याची वही करा : एका पानावर एक फोटो, खाली एक वाक्य. जे ठाऊक नाही तिथे "हे आपल्याला माहीत नाही" असं लिहा. जन्मदात्रीचं नाव मनानं घालू नका. एक गोष्ट खोटी निघाली की त्याच्या लेखी अख्खी वही खोटी.

त्याला मूळ शोधायचं असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाचा अर्ज दत्तक पालकांसह 'कारा'कडे (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे) करावा लागतो. जळगावच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी विचारा. जन्मदात्या आईवडिलांनी मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची लेखी संमती लागते. ती मिळाली नाही किंवा ते सापडले नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं एवढं सांगतात. टाकून दिलेलं मूल असेल तर पुष्कळदा सापडल्याची जागा आणि तारीख एवढंच हाती येतं. हे सगळे शेवट त्याला अर्जाआधीच लिहून दाखवा. नातेवाइकांना परस्पर शोध घेता येत नाही.

आता रोट. कायद्यानं दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच. हे भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्यांनी, त्याच्यासमोर, बोलायला हवं. तुम्ही एकट्यानं भांडून ते होणार नाही. पुढच्या श्रावणाआधी त्याला घरी परातीत गहू घेऊन चार-पाचदा मूठ काढू द्या. 'सव्वा' तिथे अडेल : एक मूठ झाल्यावर पाव मूठ म्हणजे किती, हे वाटीवर रेघ मारून दाखवा. त्या दिवशी त्याची मूठ त्यानंच काढावी. कानबाईच्या विसर्जनाच्या वाजंत्रीला कान झाकायचे हेडफोन आणि मागची शांत खोली आधीच ठरवून ठेवा.

झोप किंवा जेवण तुटलं, स्वतःला मारून घेऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच न्या.