कांदा-लसणीची पूड आणि आपली दमट हवा

उन्हाळी वाळवणं संपत आली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत कांदा आणि लसूण हमखास असतात. यंदाही आहेत. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

गेल्या मे महिन्यात आठ किलो कांदा चिरून अंगणात कडक वाळवला, मिक्सरला लावून बरणी भरली. आषाढात उघडली तर आत दगड. कुठे चुकलं? – गुहागर

वाळवण्यात थोडं चुकलं असेल, पण जास्त चुकलं ते दळण्यात. सगळा कांदा एकदम दळायला नको होता.

कांद्यात पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, जवळजवळ नसतोच. असते ती साखर, आणि साखरेचेच दुवे जोडून बनलेलं फ्रुक्टन. दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. चकती असेपर्यंत हवेला भिडणारी बाजू थोडी असते. पूड केली की प्रत्येक कण हवेला उघडा पडतो. किनाऱ्यावर पावसाळ्यात बरणीचं झाकण दोनदा उघडलं तरी पूड ओल धरते. कारखान्यातल्या पुडीत गुठळी होऊ नये म्हणून सिलिकॉन डायऑक्साइडसारखा पदार्थ घालतात. आपण तो घालत नाही, म्हणून आपली शिस्त वेगळी हवी. वर्षाची साठवण चकत्यांची करायची आणि पूड पंधरा दिवसांना पुरेल एवढीच करायची. मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहे, आणि वर्षानुवर्षं लोक मोठी बरणी भरून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे मे महिना. ऊन कडक असतं हे खरं, पण हवा जड झालेली असते. आपल्या किनाऱ्यावर वाळवणाला माघ-फाल्गुन बरा. आकाश स्वच्छ, सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की हवेतली ओल वाढते. म्हणून ऊन अंगणात आलं की लगेच मांडा आणि चार वाजता आत घ्या. संध्याकाळी बाहेर राहिलेली चकती दिवसभराची कमाई घालवते. नवी लसूण आणि रब्बीचा कांदाही याच सुमारास बाजारात यायला लागतो.

परातीत वाळवू नका, खालची बाजू घामेजते. बाजेवर जुनी धुतलेली मच्छरदाणी ताणून बांधा, त्यावर चकत्या एकेरी पसरा, वरून पातळ मलमल घाला. खालून वारा लागला की निम्मं काम तोच करतो. कांद्याच्या चकत्या साधारण तीन मिलिमीटर जाड, सगळ्या सारख्या. मीठ मुळीच लावू नका. आगरातलं जाडं मीठ श्रावणात कसं पाणी सोडतं हे आपल्याला सांगायला नको, आणि तेच मीठ कांद्याला लावून कोरडेपणाची अपेक्षा करायची?

चकती वाकवली की कट् आवाज करून मोडली पाहिजे. वाकली, चिवट लागली, तर आणखी एक दिवस. मोडली तरी लगेच घट्ट बंद करू नका. पूर्ण गार होऊ द्या, काचेच्या बरणीत पाऊण भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. काचेवर आतून वाफ धरली किंवा चकत्या एकमेकींना चिकटल्या तर पुन्हा उन्हात.

तुमच्या दगडाचं काय? फोडून बघा. काळे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास असेल तर सगळं टाका. खरवडून वरचं तेवढं काढू असं करू नका. नुसताच घट्ट झाला असेल तर तुकडे करून मंद उष्णतेवर कोरडे करा, गार झाल्यावर फिरवा आणि आधी तोच संपवा. आठ किलो कांद्याची पूड जेमतेम पाऊण-एक किलो होते, कारण कांद्यात शेकडा ८५ ते ९० भाग पाणीच असतं. तरी एका घराला ती फारच झाली.

आमच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा आहेत. त्याची पूड चांगली होईल का? – अलिबाग तालुका

होईल, पण माझा जीव होणार नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या गोडीसाठी आणि कमी तिखटपणासाठी. पुडीला नेमकं उलट लागतं: झणका आणि घट्ट गर. गुजरातेत महुव्याच्या कारखान्यांतून निर्जल कांदा तयार होतो, तोही पांढराच, पण त्या जाती गरात जास्त घनभाग असलेल्या. तेव्हा रंग बघून फसू नका.

माळ टांगून ठेवा, कच्चा खा, कोशिंबिरीत घाला. पुडीसाठी बाजारातला उन्हाळी गरवा कांदा घ्या. पावसाळी पोळ कांदा नको, त्यात पाणी जास्त आणि टिकायलाही तो कच्चा. माळेतले काही कांदे कोंब काढू लागले असतील तर ते मात्र वाळवायला हरकत नाही. हिरवा कोंब काढून भाजीत घाला, उरलेला घट्ट भाग चिरा. सालीवर काजळीसारखी काळी पूड दिसली तर ती बुरशी असते. वरचे एक-दोन पापुद्रे काढा, धुवा, पुसा. आतपर्यंत गेली असेल तर तो कांदा सोडून द्या.

लसूण पांढरी राहावी म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवली, तर चकत्या हिरव्या-निळ्या झाल्या. विषारी झाल्या का? – देवगड

नाही. लसणीतली गंधकाची संयुगं आंबटाशी गाठ पडली की असा रंग देतात. खायला धोका नाही, फक्त पूड मळकट दिसेल. पुढच्या वेळी लिंबू राहू द्या. लसूण वाळताना थोडी पिवळसर होतेच, तो तिचा स्वभाव.

ओव्हनमध्ये १५० अंशांवर झटपट वाळवली. पूड कडू लागते आणि लसणीचा वास नाही. – चिपळूण

ती वाळली नाही, भाजली गेली. लसणीचा वास पाकळीत तयार बसलेला नसतो. पाकळीत अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिइनेज ही दोन वेगवेगळी असतात, चिरलं-ठेचलं की एकत्र येतात आणि त्यांतून अ‍ॅलिसिन हा झणझणीत पदार्थ होतो. अ‍ॅलिइनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, जास्त उष्णतेने मरतं. ५० ते ६० अंशांत वाळवलं तर बरंचसं तग धरतं आणि पूड ओली झाली की पुन्हा कामाला लागतं.

ओव्हनचं सगळ्यात खालचं तापमान जर शंभर असेल तर तो या कामाचा नाही, सरळ सांगते. साठच्या आसपास ठेवता येत असेल तर दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, वाफ बाहेर जायला हवी. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात अर्धवट वाळलेल्या चकत्या रात्रभर तशाच पडणार नाहीत एवढं बघा.

पूड वापरतानाही एक गोष्ट करा. फोडणीच्या कडकडीत तेलात टाकू नका, क्षणात जळते. चमचाभर गार पाण्यात दहा मिनिटं भिजवून मग रश्शात घाला. वास किती फरकाने येतो ते तुमच्या नाकाला विचारा.

पूड घातली की बांगडा-सुरमईच्या लावणात लसूण वाटायचा त्रास वाचेल का? आणि प्रमाण काय? – मूळ वेंगुर्ला, सध्या डोंबिवली

इथे मात्र पूड वाटणापेक्षा सरस ठरते. ओल्या वाटणाने तांदळाच्या पिठाचं आवरण मऊ पडतं आणि तव्यावर सुटतं. मासा मीठ, हळद, कोकमाचं आगळ, मसाला लावून मुरवा, आणि लसूण-पूड पिठात मिसळा. आवरण कुरकुरीत राहतं. आच मध्यमच ठेवा.

मध्यम पाकळीला पाव चमच्याहून थोडी कमी, आणि मध्यम कांद्याला सुमारे एक मोठा चमचा पूड, हा अंदाज. तुमची पूड बाजारातल्यापेक्षा उग्र असेल, म्हणून आधी कमीच.

रश्शासाठी खोबरं-कांदा भाजून वाटतो त्या वाटपाचं विचारलंत, तर उत्तर ठामपणे ‘नाही’ असंच आहे. खोबऱ्याबरोबर कांदा भाजताना जो रंग आणि दाटपणा येतो तो चमचाभर पुडीत नसतो. मालवणी मसाल्यातही मिसळून ठेवू नका, एकाची ओल दुसऱ्याला लागते आणि दोन्ही जातात.

सोललेली लसूण तेलात बुडवून बाटलीत भरली तर वाळवायची कटकटच नको ना? – दापोली

नको म्हणता, पण हे तर नकोच नको. कच्ची लसूण तेलात, ओट्यावर, हवा नाही, आंबट नाही: बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हेच हवं असतं. विष झालं तरी वास-चव बदलेलच असं नाही. करायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. उरली तर टाका, चुकचुकत बसू नका.

आमच्या बचतगटाला पूड विकायची आहे. गुठळी होऊ नये म्हणून तांदळाचं पीठ घातलं तर? – मालवण

घालाल तर लेबलवर लिहावं लागेल. न लिहिता घातलं तर ती भेसळ. अन्नसुरक्षेची नोंदणी, भरल्याची तारीख आणि घटक हे सगळं आधी करून घ्या. आणि माझं ऐकाल तर पुडीऐवजी वाळवलेल्या चकत्याच विका, छोट्या पाकिटात, ‘लागेल तशी दळा’ असं लिहून. त्यात सुकण्याची खात्री गिऱ्हाइकाला डोळ्यांनी करता येते आणि पावसाळ्यात परत येणारी पाकिटं कमी होतात. जिथे सुकट-बोंबील वाळत घालता त्या खळ्यात मात्र कांदा मांडू नका. कांदा वास फार लवकर घेतो, मुंबईचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही.