रील आधी की अर्ज आधी? पेटंटविषयी वाचकांचे प्रश्न

यंत्रं, खेळाचं साहित्य आणि मोबाइल यांच्या पेटंटबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांचं उत्तर दोन गोष्टींवर येऊन थांबतं: अर्जाची तारीख आणि क्लेमची, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणाऱ्या दाव्याची, शब्दरचना. त्यामुळे उत्तरांत हे दोन्ही मुद्दे पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. उसाचे डोळे काढायचं मशीन आणि बेणेप्रक्रियेचा ड्रम एकाच फ्रेमवर बसवून नवं यंत्र केलं. सात महिन्यांपूर्वी त्याचं रील टाकलं, ते भरपूर चाललं. आता पेटंट मिळेल का? (एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली)

रीलमध्ये जेवढं स्पष्ट दिसतं, तेवढ्याचं पेटंट हातचं गेलं असं धरून चाला. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही उघड झालेली गोष्ट नवी मानली जात नाही. ती तुम्ही स्वतः उघड केली असली तरी फरक पडत नाही. बारा महिन्यांची सवलत असते असं अनेकांनी ऐकलेलं असतं. ती आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात यंत्र मांडलं असेल तर आणि अशाच काही मोजक्या प्रसंगांत. यंत्राचं स्वरूपच असं असेल की चाचणी चारचौघांत घ्यावी लागते, तर अर्जाआधीच्या वर्षभरात शेतात घेतलेल्या वाजवी चाचणीलाही कायदा संरक्षण देतो. रील ही चाचणी नव्हे.

म्हणून आता असं करा. रील लावा, दर दोन-तीन सेकंदांनी थांबवा आणि कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात दिसणारे भाग लिहा: फ्रेम, मोटर, पातं, ड्रम, बेल्ट. दुसऱ्यात न दिसणारे: पात्याचा कोन, डोळा ड्रममध्ये पडायची वाट, ड्रमच्या आतल्या पट्ट्या, द्रावण परत फिरवायची सोय, वेळेचं गणित. खाली लोकांच्या प्रश्नांना तुम्ही दिलेली उत्तरंही पहिल्या रकान्यात घाला, कारण तीही उघड झालेली माहितीच आहे. अर्जाला आधार मिळाला तर दुसऱ्या रकान्यातून मिळेल. तोवर नवं रील टाकू नका, ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

दुसरी अडचण मोठी आहे. पेटंट कायद्याचं कलम ३(फ) म्हणतं की माहितीतली दोन साधनं नुसती शेजारी बसवली आणि प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नाही. कटर आधी डोळे काढतो, नंतर ड्रम ते भिजवतो, एवढंच घडत असेल तर एक फ्रेम असून उपयोग नाही. पण डोळा कापल्यावर काही सेकंदांत, कापलेली बाजू सुकायच्या आत, ठरावीक बाजूने द्रावणात पडतो आणि त्यामुळे द्रावण कमी लागतं किंवा उगवण वाढते, असं मोजून दाखवता आलं तर दोन्ही भाग मिळून तिसरं काम करतात. मग मांडणी बदलते. मोजमाप मात्र हवं: त्याच जातीचे, त्याच दिवशी तोडलेले डोळे, निम्मे जुन्या पद्धतीने आणि निम्मे यंत्रातून, ट्रेमध्ये लावून उगवण मोजायची.

वर्कशॉपवाल्यांनी मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला समजून घ्यावा. पितळी भांडी घासून चकचकीत करताना ती लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकडी ठोकळ्याला चिकटवून फिरवत. भांडं सुटून उडे आणि कारागिराला इजा होई. मग ॲडॅप्टर बसवून समोरून टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाच्या आधाराच्या, टोकदार दांड्याने भांडं दाबून धरायची पद्धत आली. तिचं १९५१ चं पेटंट होतं. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पद्धत उपयोगी होती, काम सुरक्षित झालं होतं, तरीही टेलस्टॉक आधीपासून माहीत होता आणि तो तिथे लावणं ही कारागिराची नेहमीची सुधारणा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. उपयोगी असणं पुरेसं नाही. त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला सहज सुचलं नसतं असं त्यात काहीतरी लागतं.

प्रश्न : प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज एका पानात करून तारीख धरून ठेवावी, असं एकाने सांगितलं. बरोबर आहे का? सरकारी फी किती? (एक वाचक, चिंचवड)

तारीख मिळते, पण कागदावर जे आहे त्याचीच. एक फोटो आणि चार ओळी दिल्या आणि वर्षभरात कंप्लीट (पूर्ण) अर्जात ड्रमच्या आतल्या पट्ट्या घातल्या, तर त्या पट्ट्यांच्या क्लेमला नंतरची तारीख लागते. मधल्या काळात तुम्हीच यंत्र विकलं असेल, तर तीच विक्री तुमच्या विरोधात जाते. प्रोव्हिजनलमध्ये क्लेम लागत नाहीत. वर्णन मात्र भरपूर द्या: प्रत्येक भागाला क्रमांक दिलेलं ड्रॉइंग, मापं, चालणारे पर्याय आणि न जमलेले प्रयोगसुद्धा.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. त्यात कंप्लीटची ३० पानं आणि १० क्लेम बसतात. पुढे दर पानाला १६० आणि दर क्लेमला ३२० रुपये. तपासणीची मागणी फॉर्म १८ वर, ४,००० रुपये. ही मागणी आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ४८ ऐवजी ३१ महिनेच मिळतात. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत एखादी स्त्री असेल तर फॉर्म १८अ वर ८,००० रुपयांत जलद तपासणी मागता येते. त्यासोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ लागतो, त्याचे २,५०० रुपये. अर्ज तयार करून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी, आणि खरा खर्च तिथेच असतो.

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या ॲन्टॉप हिल इथल्या कार्यालयाकडे जातात. परीक्षकाचे आक्षेप, म्हणजे एफईआर, आले की उत्तराला सहा महिने मिळतात. एफईआर आला म्हणजे अर्ज फेटाळला असं समजून पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. आक्षेप जवळजवळ प्रत्येक अर्जावर येतात.

प्रश्न : बॅटच्या हँडलमध्ये वेगळा थर घालून हाताला बसणारा झटका कमी केला आहे. पेटंट घेतलं तर ती बॅट सामन्यात चालेल ना? कबड्डीचा एक नवा प्रकारही बसवला आहे, त्याचं पेटंट मिळेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पेटंट कार्यालय क्रिकेटचे नियम बघत नाही आणि पंच पेटंट बघत नाहीत. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा बॅट लाकडाचीच हवी असं नियमात लिहिलेलं नव्हतं. पुढे ते लिहिलं गेलं. आजच्या नियमात पातं लाकडाचं, हँडल मुख्यतः वेताचं किंवा लाकडाचं, पात्याची रुंदी १०.८ सें.मी., जाडी ६.७ सें.मी. आणि कडा ४ सें.मी. पर्यंतच. तुमचा थर हँडलच्या आत आहे म्हणून वाट मोकळी दिसते. पण साचे करायच्या आधी नियम क्रमांक ५ त्याच्या परिशिष्टासह वाचा.

आता क्लेम. वेताच्या फाकांमध्ये रबराच्या पट्ट्या घालणं फार जुनं आहे. ‘झटका कमी करणारा थर असलेलं हँडल’ असा क्लेम लिहिलात तर जुनं प्रत्येक हँडल त्यात बसतं आणि क्लेम पडतो. झटका कमी होणं हा परिणाम आहे. क्लेममध्ये रचना यायला हवी: थर कुठे, किती लांब, किती जाड, किती मऊ. उदाहरणार्थ, ‘हँडलच्या खालच्या एक तृतीयांश भागात, वेताच्या दोन फाकांमध्ये, ०.५ ते १.५ मि.मी. जाडीचा, शोर ए मापावर ३० ते ५० कठीणपणाचा थर’ (शोर ए हे रबराचा कठीणपणा मोजायचं माप). नुसतं १ मि.मी. लिहिलंत तर शेजारचा १.४ मि.मी.चा थर घालून सुटेल. ०.१ ते १० लिहिलंत तर जुनी पट्टी त्या मापात येईल. टोकाच्या दोन्ही मापांवर आणि मधल्या दोन-तीन मापांवर चाचणी घ्या. हँडलवर ॲक्सेलरोमीटर (झटका मोजणारा सेन्सर) बांधा, ठरलेल्या उंचीवरून पात्याच्या त्याच जागी चेंडू सोडा, प्रत्येक मापाची किमान दहा रीडिंग घ्या आणि तोच प्रयोग साध्या बॅटवरही करा.

आकड्यांत क्लेम कसा बसवतात याचं सुरेख उदाहरण टेनिसमध्ये आहे. हॉवर्ड हेड या अमेरिकी संशोधकाला त्रास होता तो चेंडू मध्यावर न लागल्यावर हातात रॅकेट वळण्याचा. त्याने रॅकेट रुंद केली. मधल्या अक्षापासून वजन जितकं दूर, तितका वळायला विरोध, आणि तो अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून थोड्या रुंदीने मोठा फरक पडला. तेव्हाच्या लाकडी रॅकेटचं तारांचं क्षेत्र साधारण ७० चौरस इंच होतं. डिसेंबर १९७६ च्या अमेरिकी पेटंटमध्ये हेडने ८५ ते १३० चौरस इंच असा पट्टा मागितला. खालचा आकडा जुन्या रॅकेटपासून पुरेसा दूर आहे आणि वरच्या आकड्याने स्पर्धकाला थोडी मोठी रॅकेट काढून निसटायची जागा ठेवली नाही. टेनिसच्या नियमांत तेव्हा रॅकेटच्या आकाराला मर्यादा नव्हती, हेही त्याच्या पथ्यावर पडलं.

सोबत विचारलेल्या कबड्डीच्या नव्या प्रकाराला पेटंट मिळणार नाही. खेळ खेळण्याची पद्धत कलम ३(म) ने वगळली आहे.

प्रश्न : मोबाइल ॲपवरून शेतातला पंप चालू-बंद होतो, विहीर कोरडी पडली की आपोआप बंद होतो. ॲपचं पेटंट निघेल का? (एक वाचक, जालना)

कलम ३(क) प्रमाणे नुसता संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम याला पेटंट नाही. ॲपचा कोड कॉपीराइटमध्ये येतो. मोबाइलवरून पंप चालवणंही जुनं झालं. तुमच्याकडे नवं काही असेल तर ते ‘कोरडा पंप ओळखण्यात’ असेल.

पंप कोरडा फिरला की भार उतरतो आणि करंट कमी होतो. पण करंटचा एकच आकडा ठरवून ठेवला की शेतात फसगत होते. सुरुवातीला मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, म्हणून पहिले काही सेकंद सोडावे लागतात. रात्री व्होल्टेज चढलं की रिकामी मोटरही जास्त करंट ओढते, आकडा खाली येतच नाही आणि पंप कोरडाच फिरत राहतो. दिवसा व्होल्टेज पडलं की उलट गोंधळ. भार उतरल्यावर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरं काम करणारा वाटा, मात्र ठळकपणे पडतो, त्यामुळे करंटसोबत तो बघणं जास्त भरवशाचं. ही युक्तीही धंद्यात माहीत आहे. तेव्हा तुम्ही त्यापुढे काय केलं ते शोधा. स्टार्टर दर आठवड्याला त्या विहिरीची पाणीपातळी आणि त्या फीडरचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या लाइनचं, व्होल्टेज बघून आपली मर्यादा स्वतः बदलतो का? मग क्लेम यंत्राचा लिहा: करंट आणि व्होल्टेज मोजणारे सेन्सर, ठरल्या क्रमाने तुलना करणारा कंट्रोलर, त्याच्या हुकमावर सुटून मोटरची वीज तोडणारा कॉन्टॅक्टर. मोबाइल शेवटच्या, दुय्यम क्लेममध्ये टाका. पहिल्याच क्लेममध्ये ‘मोबाइल’ आला, तर मोबाइलशिवाय तीच युक्ती वापरणारा मोकळा सुटतो.

प्रश्न : पेटंट मिळालं की निर्धास्त ना? कोणी थोडा बदल करून माल काढला तर? (एक वाचिका, नाशिक)

निर्धास्त नाही. मदुराईच्या एस. रामकुमार यांना एकापेक्षा जास्त सिमकार्डांच्या फोनचं भारतीय पेटंट २००८ मध्ये मिळालं. त्यांनी कस्टम्समार्फत असे फोन अडवायचा प्रयत्न केला. फोन कंपन्या पेटंट रद्द करून घेण्यासाठी गेल्या आणि २०१२ मध्ये अपील मंडळाने ते रद्द केलं. क्लेम जितका पसरट, तितके तो पाडायला जुने कागद शोधणारे जास्त.

थोड्या बदलाचं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. लहान बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) फोर-स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग, म्हणजे बजाजचं डीटीएस-आय. पेटंट क्रमांक १९५९०४, तारीख जुलै २००२. टीव्हीएसने दोन प्लगची, पण तीन व्हॉल्व्हची ‘फ्लेम’ मोटरसायकल आणली. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला लवकर संपवायला सांगितलं आणि अशा प्रकरणांना चार महिन्यांचं माप घालून दिलं. दोन्ही कंपन्यांत तडजोड झाली ती २०१९ मध्ये. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही इतका वेळ लागला, हे वकिलाकडे जायच्या आधी लक्षात घ्या.

नोटीस द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. पेटंट मंजूर आहे का? भरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मागता येते, पण कोर्टात खटला मंजुरीनंतरच भरता येतो. वार्षिक फी भरली आहे का? ती तिसऱ्या वर्षापासून लागते, व्यक्तीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी ८०० रुपये, पुढे चढत जाते. आणि पहिल्या क्लेमचा एकेक शब्द समोरच्याच्या यंत्रात सापडतो का? क्लेममध्ये पाच भाग आहेत आणि त्याच्याकडे चारच, तर प्रकरण कठीण आहे.

प्रश्न : अर्ज केला आहे. मालावर ‘पेटंटेड’ छापलं तर चालेल? (एक वाचक, म्हापसा, गोवा)

नाही. ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं अर्ज क्रमांकासह छापा. मंजुरीआधी ‘पेटंटेड’ किंवा अर्ज नसताना ‘अर्ज केला’ असं छापल्यास दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि तसंच चालू ठेवलं तर रोज हजार रुपये वेगळे. अर्ज बाद झाला किंवा पेटंटची मुदत संपली, तर नव्या मालावरून ती ओळ काढा. जुन्या पेट्यांचा साठा उरला असेल तर त्यावर कोरं स्टिकर लावून घ्या.