दुर्बिणीद्वारे आतड्याची शस्त्रक्रिया आणि अध्यापन : एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी पुण्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्जरीच्या टर्ममध्ये तिने गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगाची पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीद्वारे (लॅपरोस्कोपीने) केलेली शस्त्रक्रिया पाहिली आणि तेव्हापासून हेच काम करायचे, शिवाय महाविद्यालयात राहून शिकवायचे आणि संशोधन करायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे, असे आपण लिहिता. यात किती वर्षे जातील, असल्या अवघड जागेच्या आजारांत मुलीने का पडावे आणि स्वतःचे हॉस्पिटल काढायचे सोडून नोकरी कशासाठी, हे आपले तीन प्रश्न आहेत.

वर्षांचा हिशेब सरळ आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षे, बंधपत्राची शासकीय सेवा, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, जनरल सर्जरीच्या एमएस या पदव्युत्तर पदवीची ३ वर्षे आणि त्यानंतर सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पचनसंस्थेची शस्त्रक्रिया) किंवा सर्जिकल ऑन्कॉलॉजी (कर्करोगाची शस्त्रक्रिया) यांतील एमसीएच या पुढच्या पदवीची आणखी ३ वर्षे. केवळ मोठे आतडे आणि गुदाशय यांवरचे प्रशिक्षण बहुधा त्यापुढच्या फेलोशिपमध्ये मिळते. म्हणजे स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत तिशी उलटलेली असेल, हे घरातल्या सगळ्यांनी आजच मान्य करावे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी वेगळे उत्तर देईन. शौचावाटे रक्त जाऊ लागले की आपल्याकडे ती मूळव्याधच असणार असे गृहीत धरून महिनोन्‌महिने मलम आणि चूर्ण चालते. त्यातही बायका हा त्रास नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत आणि पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला लाजतात. गुदाशयातल्या कितीतरी गाठी हातमोजा घालून केलेल्या बोटाच्या तपासणीत, एका मिनिटात हाताला लागतात, पण ती तपासणीच होत नाही. आपण जिला ‘अवघड जागा’ म्हणता, तिथे स्त्री सर्जनची गरज सर्वांत अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम कष्टाचे आहे, हेही खरे. गेल्या वर्षी एका निवासी डॉक्टर मुलीच्या वसतिगृहातील खोलीत मी बुटांचे खोके पाहिले. त्याला दोन भोके पाडून त्यातून जुनी लॅपरोस्कोपीची अवजारे आत घातलेली होती, वर मोबाईलचा कॅमेरा होता, आणि ती एका वाटीतले हरभरे चिमट्याने उचलून दुसऱ्या वाटीत टाकत होती. हात डावीकडे नेला की पडद्यावर अवजाराचे टोक उजवीकडे जाते, खोलीचा अंदाज येत नाही, आणि मध्यम हातासाठी बनवलेली मूठ लहान हाताला जड जाते. दिवसभराची ड्यूटी संपवून ती रोज रात्री अर्धा तास हे करत होती. आपल्या मुलीला अशा सरावात गोडी वाटते का, हे तिने स्वतः करून पाहावे.

आता तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैशाच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. प्राध्यापकाचा पगार चांगल्या चालणाऱ्या खासगी हॉस्पिटलच्या मिळकतीची बरोबरी करत नाही. परंतु या शाखेत आज जे काही खात्रीने केले जाते, ते कोणीतरी स्वतःच्या रुग्णांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला म्हणून. गुदाशय काढताना त्याभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढले तर कर्करोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण खूप घटते, हे इंग्लंडमधील सर्जन हील्ड यांनी १९८२ पासून मांडले. दुर्बिणीच्या छिद्रांतून कर्करोग पसरेल अशी धास्ती १९९० च्या दशकात होती. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीने दूर केली, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पोट उघडून आणि दुर्बिणीद्वारे, अशा दोन्ही पद्धतींत आजार उलटण्याचे प्रमाण सारखेच निघाले. याउलट गुदमार्गातून वर जात गुदाशय काढण्याची नवी पद्धत नॉर्वेत थांबवावी लागली, कारण नोंदी तपासल्यावर आजार लवकर आणि अधिक प्रमाणात उलटताना दिसला. ज्यांनी या नोंदी ठेवल्या नसत्या, त्यांना आपली पद्धत उत्तमच वाटत राहिली असती. शिकवणारा सर्जन हवा तो यासाठी. त्याच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी हीच सवय पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नेतात.

म्हणून माझा सल्ला असा की मुलीने आजच उपशाखा पक्की करू नये, जनरल सर्जरी हे लक्ष्य ठेवावे आणि नोंदी ठेवण्याची सवय मात्र आत्तापासून लावून घ्यावी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे छोट्या संशोधनासाठीची विद्यार्थी योजना, असते. तिच्यासाठी एक विषय सुचवतो : गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये पहिल्यांदा रक्त गेल्यापासून पहिली बोटाची तपासणी होईपर्यंत किती महिने गेले, आणि हे अंतर स्त्रिया व पुरुष यांच्यात वेगळे आहे का. यासाठी मार्गदर्शक शिक्षक आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता लागेल. तेव्हा एका कागदावर हा प्रश्न लिहून तिने आपल्या सर्जरी युनिटच्या प्रमुखांना भेटावे.