बेळगाव-खानापूर भागात गिधाडं उरली आहेत का, आणि ती बघायची कशी?

उरली आहेत, पण फार थोडी. एकट्यानं शोधत फिरलात तर दिवस वाया जायचीच शक्यता जास्त, म्हणून आधी इथल्या जुन्या पक्षीनिरीक्षकांना गाठा. त्यांची धनगर-गुराख्यांशी वर्षानुवर्षांची ओळख असते आणि कुठं जनावर मेलंय ही खबर त्यांनाच आधी लागते. गोकाककडं जाणार असाल तर कन्नड बोलणारं कुणीतरी सोबत घ्या.

आशा धरावी ती पांढऱ्या गिधाडाची. पूर्वेकडचे कोरडे माळ आणि खडकाळ कडे त्याला मानवतात. पिवळा उघडा चेहरा, पांढरं अंग, पंखांच्या कडा काळ्या. पिल्लू मात्र गडद तपकिरी असतं आणि घारींत सहज मिसळून जातं. अशा वेळी शेपूट बघा: घारीची मधे खाच असलेली, याची पाचरीसारखी निमुळती. लांब चोचीचं गिधाड कड्यावर घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं उंच झाडावर. दोन्ही अतिसंकटग्रस्त. यातलं एखादं दिसलं की आमच्या मंडळींत त्या दिवशी दुसरा विषय निघत नाही.

पहाटे धावायची गरज नाही. ऊन चढून खडक तापले की गिधाडं आभाळात येतात. तोवर समोरच्या टेकडीवर बसून दुर्बिणीनं कडा निरखा. चुना सांडल्यासारखे विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर त्यांच्या वरची कपार नजरेतून सोडू नका. तिथं ससाणाही असू शकतो, पण थांबून बघण्यासारखी जागा तीच.

घरट्याची नेमकी जागा मात्र कृपा करून कुठंच टाकू नका. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. फोटोवाल्यांच्या गर्दीनं जोडी उठली की ते वर्ष गेलंच. जाहीर नोंदीत तालुका पुरे, बाकी वनखात्याला सांगा.

आणि धनगरवाड्यावर चहाला बसलात की गुरांच्या औषधांचा विषय काढाच. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, काही दिवसांत ते मरतं. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या तशाच औषधांवर २०२३ मध्ये. मी गोठ्यातली बाटली मागून नाव वाचतो आणि सांगतो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडं मेलॉक्सिकॅम मागा, गुरालाही चालतं आणि गिधाडालाही.